आमच्या घरातले शिवणयंत्र

रात्री नऊच्या सुमारास दवाखान्याचे दार ओढून मी जिना चढू लागतो, तेव्हा वरून येणाऱ्या आवाजावरूनच घरात काय चालले आहे ते मला कळते. संथ, सलग खडखड असेल तर परकराची किंवा उशीच्या अभ्र्याची लांब टीप चालू असते. थांबत थांबत आवाज येत असेल तर बाही जोडली जात असते. आणि अजिबात आवाज नसेल तर दोन शक्यता उरतात : स्वयंपाक आटोपून ताटे घेतली आहेत, किंवा काहीतरी चुकले असून उसवणे चालू आहे. दुसरी शक्यता असेल तर जपून बोलावे, एवढे शहाणपण सत्तावीस वर्षांच्या संसाराने मला दिले आहे.

माझी पत्नी शिंपीकाम करीत नाही. तिला शिवणाची आवड आहे. या दोन गोष्टींत फरक आहे. व्यवसाय करणारा माणूस दुकान बंद करून घरी येतो. आवड असणाऱ्याचे दुकान घरातच आणि कायमचे उघडे असते. जेवणाच्या टेबलावर टेप आणि खडू, सोफ्यावर बेतलेले तुकडे, माझ्या पुस्तकांच्या कपाटात अस्तराचे ताके, आणि पायाखाली कधी कुठे टाचणी लागेल याचा नेम नाही. महाड-पोलादपूर भागातील अनेक ज्येष्ठ गृहस्थ माझ्यासमोर बसून रक्तदाब मोजून घेताना हीच तक्रार करतात. ‘‘डॉक्टर, निवृत्त झालो, वाटलं दुपारी दोन घटका पडेन. तर आमच्याकडे मशीन सुरू!’’ मी हसतो, कारण ही तक्रार माझ्याही घरातली आहे.

तथापि, हा लेख तक्रारीचा नाही. शिवणाची आवड असलेल्या जोडीदाराबरोबर राहताना त्याच्या हातांकडे, डोळ्यांकडे आणि चुकांकडे कसे पाहावे, हे मला फार उशिरा समजले. त्यासाठी किंमत मोजावी लागली, आणि ती मी नव्हे, तिने मोजली. वाचकांपैकी कोणाला तरी ती मोजावी लागू नये, म्हणून हे लिहीत आहे.

पूर आणि पायमशीन

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी रात्रीत बाजारपेठेत शिरले आणि पाहता पाहता तळमजले बुडाले. त्याच दिवशी आपल्या तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. आमचा दवाखाना तळमजल्यावर, आणि तिचे जुने पायमशीनही त्या वेळी दवाखान्यामागच्या खोलीत होते. पाणी ओसरले तेव्हा दोहोंवर सारखाच चिखल होता.

पुढचे काही आठवडे मी रुग्णांमध्ये होतो. चिखलात वावरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, जखमांची मलमपट्टी, धनुर्वाताची इंजेक्शने, जुलाब, ताप असे सारे चालू होते. इकडे तिने यंत्र खोलून घेतले. दुरुस्ती करणाऱ्याने शटल, बॉबिन केस, सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, तेल घातले, नवी वादी चढवली. वीज अजून आली नव्हती. पण पायमशीनला विजेची गरज कुठे असते? ठिकठिकाणांहून मदत म्हणून आलेल्या साड्यांपासून तिने परकर, अभ्रे आणि पातळ गोधड्या शिवायला घेतल्या. कोणीतरी तिला म्हणाले, ‘‘आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावणार?’’ तिने मान वर न करता विचारले, ‘‘तुमच्या घरी अंथरायला काय आहे ते सांगा.’’

त्या वर्षी दिवाळीपर्यंत ती रोज पाच-सहा तास यंत्रावर बसत होती.

मी केलेली चूक

डिसेंबरमध्ये ती रात्री उठून हात झटकू लागली. ‘‘अहो, हाताला मुंग्या येतात. बोटं जड होतात,’’ ती म्हणाली. मी अर्धवट झोपेत म्हणालो, ‘‘किती शिवतेस? काही दिवस मशीन बंद ठेव, बरं वाटेल.’’ तिने आठवडाभर बंद ठेवले. मुंग्या थांबल्या नाहीत. पुढे तिने सांगणेच थांबवले, आणि मी असे धरून चाललो की ती बरी झाली.

शिमग्याच्या आधीची एक संध्याकाळ. यंत्राचा छोटा दिवा तिच्या उजव्या हातावर पडला होता. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो मला सपाट दिसला. मी तिचा डावा हात शेजारी धरून पाहिला. फरक स्पष्ट होता. त्याच आठवड्यात जाड कापड कापताना तिच्या हातून दोनदा कात्री पडली होती, हे तिने तेव्हा सांगितले. मग मी नीट पाहिले : चेहरा किंचित सुजल्यासारखा, आवाज थोडा घोगरा, वजन वाढलेले, थंडी जास्त वाजते म्हणून सकाळी स्वेटर. या लक्षणांचा दुसरा कोणी रुग्ण समोर आला असता, तर पाच मिनिटांत मी थायरॉइडची तपासणी लिहून दिली असती. घरातल्या रुग्णाला मी तीन महिने तपासलेच नव्हते.

तपासणीत थायरॉइड मंदावल्याचे निष्पन्न झाले. मज्जातंतूंच्या चाचणीत मनगटातील मुख्य मज्जातंतूवर मोठा दाब दिसला. तिला मी म्हणालो, ‘‘अगं, तू बोलली का नाहीस?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘बोलले होते. तुम्ही मशीन बंद करायला सांगितलंत. हात दाखव, असं म्हणाला नाहीत.’’

थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रात्री मनगटाला पट्टा बांधला, आणि उजव्या हाताची छोटी शस्त्रक्रिया झाली. मुंग्या पहिल्या काही रात्रींतच गेल्या. पण वाळलेला स्नायू पूर्वपदावर आला नाही. हाताने काज करणे, ज्यात तिचा हात धरणारे आमच्या आळीत कोणी नव्हते, ते आता तिला पूर्वीसारखे जमत नाही.

हात बधिर होतो तेव्हा

मनगटाच्या पुढच्या बाजूस हाडे आणि एका मजबूत पडद्याने बनलेला अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ शिरा, म्हणजे स्नायुबंध, आणि एक मज्जातंतू जातो. बोगद्यात सूज आली की मज्जातंतू दाबला जातो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. सतत मनगट वाकवून काम करण्याने त्रास वाढतो हे खरे. पण मंदावलेले थायरॉइड, मधुमेह, आमवात, गर्भारपण आणि स्थूलता हीही त्याची कारणे आहेत. म्हणून केवळ ‘शिवण बंद कर’ हा उपचार नव्हे. कारण शोधले पाहिजे.

याची ओळख सोपी आहे. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात, करंगळी सुटते. त्रास रात्री वाढतो, माणूस जागा होतो आणि हात झटकला की बरे वाटते. पुढे वस्तू हातून पडू लागतात, बटण लावणे अवघड होते. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होणे हे उशिराचे लक्षण आहे. तेथवर थांबू नये. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा-आठ आठवडे वापरून अनेकांना आराम पडतो. काहींना इंजेक्शन द्यावे लागते, तर काहींना केवळ मनगटाचा भाग बधिर करून केलेली छोटी शस्त्रक्रिया.

मधुमेही व्यक्तींमध्ये आणखी एक त्रास आढळतो : बोट वाकते आणि सरळ करताना कट्‌कन अडकून सुटते. कात्री चालवणाऱ्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधेझीजही लवकर जाणवते. हलकी, धारदार आणि मोठ्या मुठीची कात्री वापरणे हा येथे निम्मा उपचार आहे. बोथट कात्री कापडापेक्षा अंगठ्याला अधिक कापते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. एकाएकी एक बाजू बधिर झाली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो मनगटाचा विकार नव्हे. तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत न बसता तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. पोलादपूरच्या घाटमाथ्याकडील वाड्यांतून खाली यायलाच वेळ लागतो, त्यामुळे विचार करण्यात घटका घालवू नये.

सुईत दोरा ओवला जात नाही

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रकाशाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर, धूसर होत जाते. परिणामी साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे ज्या दिव्याखाली सुनेला सगळे लख्ख दिसते, तेथे सासूबाई खरोखरच अर्धवट अंधारात शिवत असतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दिवसाही दिवा लावावा लागतो, तेव्हा ही अडचण दुप्पट होते.

उपाय खर्चिक नाहीत. यंत्र खिडकीजवळ असे ठेवावे की प्रकाश बाजूने येईल, डोळ्यांवर नव्हे. वळवता येणारा एक दिवा थेट सुईच्या जागी पडेल असा लावावा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे काम सकाळीच उरकावे. सुईत दोरा ओवून देणारी पातळ तारेची छोटी चकती शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. ती वापरण्यात कमीपणा नाही. दर वीस मिनिटांनी नजर उचलून खिडकीबाहेरचे दूरचे झाड पाहावे. आणि चष्मा वाचनाचा असला तरी तो शिवणाला पुरतोच असे नाही. वाचन आणि यंत्राची सुई यांचे अंतर वेगळे असते. नंबर काढताना नेत्रतज्ज्ञांना ते अंतर टेपने मोजून सांगावे.

चष्मा बदलूनही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करावी. ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आणि ज्या व्यक्तीचे रोजचे काम सुईत दोरा ओवणे हे आहे, तिची अडचण इतरांहून लवकर सुरू होते, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

बसण्याची रीत

आपल्याकडील अनेक घरांत यंत्रासमोर पाठ नसलेले लाकडी स्टूल असते, कारण ते यंत्राबरोबर घरात आलेले असते. त्याऐवजी पाठ असलेली खुर्ची घ्यावी. कोपर यंत्राच्या पाट्याच्या पातळीवर यावे, खांदे वर उचललेले नसावेत. उंची कमी पडल्यास जाड सतरंजीची घडी ठेवावी. कापड जमिनीवर पसरून उकिडवे बसून बेतण्याची सवय गुडघे आणि कंबर दोघांनाही महाग पडते. जेवणाचे टेबल त्यासाठी द्यावे. घरातल्या इतरांनी अर्धा तास ताटे हातात घेऊन जेवले तरी चालते, हे मी अनुभवाने सांगतो.

पायमशीन की विजेची मोटर, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पायडल चालवताना पोटरीचे स्नायू हलत राहतात आणि पायांतले रक्त वर ढकलले जाते, हा त्याचा लाभ. घोटे सुजणाऱ्यांना स्थिर बसण्यापेक्षा ते बरे. परंतु गुडघ्यांची झीज वाढली असेल, पायडलनंतर रात्री गुडघे दुखत असतील, तर त्याच यंत्राला मोटर बसवून घ्यावी. कोणत्याही यंत्रावर दर अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी. चहा मागण्यासाठी हाक मारण्याऐवजी जोडीदाराने स्वतः चहा करून तिला ओट्यापर्यंत बोलवावे. दोघांचेही चालणे होते.

सुई, टाचणी आणि चिंध्यांचा कोपरा

यंत्राची सुई बोटातून आरपार गेलेले रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. सुई मोडली असेल तर घरी चिमट्याने उकरू नये. तुकडा आत राहिला आहे का, हाडाला लागले आहे का, हे एक्स-रेवरच कळते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि दवाखान्यात यावे. धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर दर दहा वर्षांनी घ्यावा. आता तो घटसर्पाच्या लसीसह एकत्र मिळतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे.

टाचण्या ओठांत धरण्याची सवय अनेकींना असते. खोकला किंवा हसू आले की ती टाचणी आत जाऊ शकते. तसे झाल्यास केळी खाऊ घालण्याचा घरगुती उपाय करू नये, उलटी करवू नये. लगेच रुग्णालयात न्यावे. त्यापेक्षा मनगटाला बांधायची छोटी गादी शिवून तीत टाचण्या खोचाव्यात.

घरात मधुमेही व्यक्ती असेल तर काळजी दुप्पट हवी. पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला टाचणी रुतल्याचे कळतही नाही; आठवड्याने पाय सुजतो आणि मग ती जखम बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. शिवण आटोपल्यावर जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवावे, हे काम नातवंडे आनंदाने करतात. मधुमेहींनी घरातही चप्पल घालावी आणि रात्री तळपाय आरशात पाहावेत.

आणखी एक धोका आपल्या भागातला आहे. चिंध्यांचे गाठोडे कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडलेले असते आणि विंचवाला अशी अंधारी, कोरडी जागा आवडते. लाल विंचवाच्या दंशावर महाडमध्येच राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम जगाने मान्य केले आहे. प्राझोसिन या औषधाच्या वापरामुळे असंख्य जीव वाचले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. औषध आहे, पण ते वेळेत मिळाले पाहिजे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे, छातीत धडधड अशी लक्षणे दिसली की मंत्र-तंत्रात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. चिंध्या मात्र झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि गाठोड्यात हात घालण्यापूर्वी ते झटकावे.

चुकलेली बाही

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी राहतात. मुले मुंबईला, गणपतीत आणि शिमग्याला येतात. काकू चाळीस वर्षे घरी शिवत आल्या. गावातल्या कित्येक बाळांच्या कुंच्या, झबली आणि दुपटी त्यांच्या हातची. एकदा रक्तदाब तपासायला आले असताना गुरुजी थट्टेने म्हणाले, ‘‘आमच्या हिनं परवा ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. उसवून दिलं, तर पुन्हा तसंच!’’ काकू हसल्या, पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

चूक सर्वांची होते. परंतु ज्या कामात आयुष्य गेले, त्या कामाची क्रमवारी विसरणे ही वेगळी गोष्ट आहे. आधी काय, नंतर काय हे न कळणे, माप घेऊन पुन्हा पुन्हा तेच माप घेणे, ओळखीच्या वस्तूचा उपयोग न आठवणे, या गोष्टी थट्टेत उडवू नयेत. तसेच टाके अकारण बारीक, वाकडे होऊ लागले, एक हात मंदावला, स्वस्थ असताना थरथरू लागला, तर कंपवाताची शक्यता तपासावी. जोडीदाराइतके हे बदल कोणीच लवकर टिपू शकत नाही. डॉक्टरला दहा मिनिटे मिळतात. त्याने चाळीस वर्षे पाहिलेले असते.

काकूंच्या तपासण्या केल्या. बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर पाहिली, कारण यांतल्या काही गोष्टी दुरुस्त करता येतात. मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. निदान स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीचे झाले. गुरुजी खचले. त्यांनी मला विचारले, ‘‘आता मशीन काढून टाकू का?’’

मी नाही म्हणालो. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या घटना आधी पुसल्या जातात. हातांना वळण पडलेली जुनी कामे तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. यंत्राची वादी मात्र उतरवून ठेवायला सांगितली, धारदार कात्री कुलपात. गुरुजींनी साठीनंतर सुईत दोरा ओवायला शिकून घेतले. आता ते जुन्या साड्यांचे थर जमवून चार बाजूंनी टाचून देतात, दहा सुयांत दोरे ओवून ठेवतात आणि काकू अंगणात बसून गोधडीला धावदोरा घालतात. ओळ कधी वाकडी जाते. गुरुजी ती उसवत नाहीत. परवा ते म्हणाले, ‘‘संध्याकाळी ती फार घाबरी व्हायची. गोधडी मांडीवर असली की शांत असते.’’ आजार थांबलेला नाही, थांबणारही नाही. पण त्यांची दुपार सुसह्य झाली आहे.

शुश्रूषेच्या कामी येणारी शिवण

घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर घरातली शिवणकला औषधाइतकी उपयोगी पडते. काही गोष्टी सुचवतो.

पाठीकडे पूर्ण उघडणारा, नाड्यांनी बांधायचा सैल झगा शिवावा. रुग्णाला न उठवता कपडे बदलता येतात. पाठ, माकडहाड आणि नितंब यांखाली जाड शिवण, बटण किंवा गाठ येऊ देऊ नये. तेवढ्या टोचण्यानेही दाबाची जखम सुरू होऊ शकते. कमरेखाली आडवी घालायची दुहेरी सुती चादर शिवून ठेवल्यास दोघांनी मिळून रुग्णाला न घासता वर सरकवता येते.

पक्षाघातानंतर एका हाताने कपडे घालणाऱ्यांसाठी बटणांच्या जागी वेल्क्रो लावावे. वर शोभेची बटणे शिवली की सदरा पूर्वीसारखाच दिसतो, आणि माणसाचा मानही राहतो. कपडे घालताना दुर्बळ हात आधी बाहीत घालावा, काढताना शेवटी काढावा. वॉकरला पुढे दोन खिसे असलेली पिशवी शिवावी, म्हणजे चालताना हात मोकळे राहतात.

ज्येष्ठांचे परकर, गाऊन आणि लेंगे घोट्याच्या वर राहतील एवढेच लांब असावेत. पायात अडकलेल्या कडेने पडून खुब्याचे हाड मोडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. चार बोटे दुमडून घातलेल्या टिपेने ते टळले असते. नवे कापड शिवण्यापूर्वी धुवावे, कारण त्यावरील खळ आणि रसायनांनी वृद्धांच्या कोरड्या त्वचेला खाज सुटते. दम्याच्या रुग्णाजवळ कापडाची तूस झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

जोडीदाराने काय करावे

‘बंद कर’ म्हणू नये. शिवण ही नुसती करमणूक नसते. मुले दूर गेलेल्या घरात कोणासाठी तरी काहीतरी करण्याचे ते साधन असते. मुंबईतल्या नातीच्या मापाचा परकर-पोलका बेतताना आजी तिच्या उंचीचा हिशेब करीत असते. ती नातीशी बोलतच असते.

वेळ ठरवून घ्यावी. दुपारच्या झोपेची आणि यंत्राची वेळ वेगळी असावी. यंत्राखाली जाड रबरी चटई घातली की आवाज बराच कमी होतो. सामानासाठी एक कपाट द्यावे, मग जेवणाचे टेबल मोकळे मिळते. आणि महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन पाहावेत. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. माझ्याकडे ती होती, आणि तीन महिने तिचा काही उपयोग झाला नाही.

पोलादपूरच्या गुरुजींकडून मीही एक गोष्ट शिकलो आहे. रात्री जेवण झाल्यावर मी दिव्याखाली बसून पाच सुयांत दोरे ओवतो आणि दोन बॉबिन भरून ठेवतो. हाताने काज करण्याचे काम तिने आता शेजारच्या मुलीला शिकवायला घेतले आहे. मुलीचे पहिले काज फार वाकडे झाले होते. तिने ते माझ्या सदऱ्याला ठेवले, आणि दवाखान्यात मी तो सदरा घालतो.